वर्धा जिल्ह्यांतील कांहीं नवलें

प्रवास म्हणजे काशी-रामेश्वर, नाहीं तर हिमालय, अशी आमच्याकडील बहुतेक कुटुंबांची समजूत असते. त्याहून जवळचें कांहीं पाहावयास जाणें म्हणजे पैसे फुकट घालविणें, असें मानणारेहि पुष्कळ आहेत. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि त्यांतलेच. नागपुरास जातांना वर्धा स्टेशन आम्हीं आगगाडीच्या खिडकींतून अनेक वेळां पाहिलें होतें. परंतु तेथें उतरून पांच-सहा दिवस राहावें इतकें पाहण्यासारखें तेथें असेल, हें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. गेल्या श्रावणांत मात्र तो योग आला. आमच्या पुतणीस वर्ध्याच्या घराण्यांत दिलेली आहे. तिच्या मंगळागौरीसाठीं व्याह्यांचें अगत्याचें बोलावणें आलें, आणि घरांतील सर्वांत वडील माणूस, म्हणजे आमच्या चौऱ्यायशीं वर्षांच्या आत्याबाई, "मी येणारच" म्हणून पिशवी भरून बसल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही लहानथोर नऊ माणसें पुण्याहून निघालों.

गाडींतच एक करार ठरला. बरोबर मुलें चार. थोरला चौदा वर्षांचा, धाकटी आठांची. मोबाइल हातांतून सुटावा म्हणून आम्हीं प्रत्येकास एकेक वही दिली आणि सांगितलें कीं, या प्रवासांत जें जें चमत्कारिक अथवा हंसूं येण्याजोगें दिसेल, तें तें वहींत टिपावें. ज्याचें नवल सर्वांत मोठें ठरेल त्यास वर्ध्याच्या प्रसिद्ध गोरसपाकाचा एक डबा बक्षीस. निवाडा आत्याबाई करणार होत्या, व त्यांच्या निवाड्यावर आमच्या घरांत अपील नसतें.

पहिलें नवल आमच्याच फजितीचें झालें. आमचे थोरले बंधु दिल्लीहून परस्पर यावयाचे होते. "त्यांना आम्हीच उतरवून घेतों, तुम्ही त्रास घेऊं नका," असें व्याह्यांस मोठ्या ऐटीनें सांगून आम्ही वर्धा स्टेशनाच्या फलाटावर तासभर उभे राहिलों. गाडी येईना, आणि बंधूंचा तर फोन आला कीं, "मी केव्हांचा उतरून उभा आहें, तुम्ही कोठें आहां?" वर्ध्यास स्टेशनें दोन आहेत, हें आम्हांस तेव्हां कळलें. मुंबई-हावडा मार्गावर वर्धा, आणि थोड्याच अंतरावर सेवाग्राम. दिल्लीहून मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्यांस वर्धा स्टेशन लागतच नाहीं. दोन भाऊ एकाच गांवीं पोंचून एकमेकांस शोधीत होते. चारी वह्यांत ही हकीकत एकाच वेळीं लिहिली गेली.

दुसरें नवल गांवाच्या नांवाचें. आत्याबाईंस सकाळीं नदीचें दर्शन घेण्याची हौस. "वर्धा गांव आहे, तेव्हां वर्धा नदी असणारच," असें म्हणून त्या तांब्या घेऊन निघाल्या. व्याही हंसून म्हणाले, "आत्याबाई, नदी पाहावयाची तर पुलगांवकडे जावें लागेल." वर्धा नदी ही जिल्ह्याची पश्चिमेकडील सीमा आहे, शहर तिच्यापासून दूर, पालकवाडी नांवाच्या लहानशा खेड्याच्या जागीं इंग्रजी अमलांत वसविलें गेलें. १८६२ सालीं नागपुर जिल्ह्यापासून हा मुलूख तोडून निराळा जिल्हा केला, त्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळ कवठा येथें होतें. तें १८६६ सालीं येथें आलें. नदीनें जिल्ह्यास नांव दिलें, जिल्ह्यानें तें शहरास दिलें, आणि नदी आपली जागा सोडून आली नाहीं! आत्याबाई म्हणाल्या, "सासरचें नांव लावलें म्हणून सासूबाई जवळ राहतात असें थोडेंच आहे?" यावर सुनांच्या बाजूस बराच वेळ पदर तोंडाला लागलेले होते.

मंगळागौर यथासांग पार पडली. फुगड्या, झिम्मा, जागरण, सर्व झालें. दुसऱ्या दिवसापासून आमचें फिरणें सुरू झालें.

नागपुरच्या रस्त्यावर केळझर म्हणून गांव आहे. विदर्भांतील अष्टविनायकांपैकीं एक सिद्धिविनायक येथें आहे. परंतु मुलांस आवडली ती दुसरीच गोष्ट. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमानें बकासुरास मारिलें तें येथेंच, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. हिंदुस्थानांत एकचक्रेचा मान सांगणारीं गांवें आणखीहि आहेत, आणि त्या सर्वांचा दावा खरा धरला तर बकासुराला फार लांब लांब जेवावयास जावें लागत असलें पाहिजे. आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनीं हिशेब मांडला कीं, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस हा रोजचा खुराक धरला तर गांव किती दिवस टिकेल? आत्याबाई म्हणाल्या, "तुम्हां चौघांना सुटींत घरीं ठेवलें म्हणजे मला तो हिशेब बरोबर कळतो."

तेथून परततांना पवनार. धाम नदीच्या कांठीं टेकडीवर विनोबाजींचा परंधाम आश्रम आहे. येथेंच १९५९ सालीं त्यांनीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. हें गांव म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपुर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं ठरविलें आहे. त्यामुळें येथें कुदळ मारावी तेथें जुना दगड लागतो. विनोबाजी १९३८ सालीं प्रकृतीसाठीं येथें येऊन राहिले. त्यापूर्वीं, १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें देतांना त्यांनीं राम आणि भरत यांच्या भेटीविषयीं बोलून, कोणी चित्रकारानें त्या भेटीचें चित्र काढावें, अशी इच्छा दर्शविली होती. पुढें पवनारास शेत खणतांना कुदळीखालीं एक शिळा लागली. काढून पाहतात तों तिच्यावर भरतभेट कोरलेली! ती आम्हीं पाहिली. आमच्यांतील दोघांतिघांस देवाधर्माच्या गोष्टी ऐकल्या म्हणजे शंका काढण्याची संवय आहे. पण त्या शिळेपुढें कोणी कांहीं बोललें नाहीं.

त्याच दिवशीं संध्याकाळीं गोपुरी येथील गीताई मंदिर पाहिलें, आणि तेथें आत्याबाईंची मोठी पंचाईत झाली. या मंदिरास शिखर नाहीं, छप्पर नाहीं, गाभारा नाहीं, आणि मूर्तीहि नाहीं. उघड्या आकाशाखालीं ओळीनें उभ्या केलेल्या मोठमोठ्या शिळा, आणि त्यांवर विनोबाजींची गीताई अठराहि अध्याय कोरलेली. वरून पाहिलें असतां या शिळांच्या रांगांतून गाय व चरखा यांच्या आकृति दिसतात, असें म्हणतात. परंतु तें पाहावयास पक्षी व्हावें लागेल. आत्याबाई हातांत फुलें घेऊन इकडून तिकडे फिरल्या आणि शेवटीं त्यांनीं विचारलें, "नमस्कार करावयाचा कोठें?" १९३० च्या ऑक्टोबरांत आरंभ करून १९३१ च्या फेब्रुवारींत विनोबाजींनीं गीताई पुरी केली. आपल्या आईस संस्कृत गीता समजत नसे, तिला कळेल अशी गीता मराठींत असावी, ही तिची इच्छा तिच्या मागें त्यांनीं पुरविली. हें आम्हीं सांगितल्यावर आत्याबाईंनीं क्षणभर विचार केला, जवळच्या शिळेशीं गेल्या, चष्मा पुसून पहिलें अक्षर शोधलें, आणि फुलें तेथें ठेविलीं. "आईसाठीं लिहिलें ना? मग देव इथेंच आहे," एवढेंच त्या म्हणाल्या.

तिसरे दिवशीं दक्षिणेस समुद्रपुर तालुक्यांतील गिरड येथें गेलों. येथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि हिंदु व मुसलमान दोघेहि तेथें नवस बोलतात. टेकडीवर लहानमोठे वाटोळे दगड सांपडतात. कोणी सुपारीएवढे, कोणी जायफळाएवढे. त्यांची कथा अशी कीं, दोन फिरते व्यापारी मालाचीं पोतीं घेऊन या वाटेनें चालले होते. त्यांनीं साधूची चेष्टा केली, त्याबरोबर त्यांचा सारा माल, नारळ-सुपाऱ्यांसकट, दगड झाला. भूगर्भशास्त्रज्ञ निराळें सांगतात. सहा-साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दक्षिणेंत लाव्हारसाचे थर पसरले. थिजतांना त्यांत हवेचे बुडबुडे राहिले, आणि पुढें त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर झिरपणारे क्षार सांचून हे गोटे बनले. चिरंजीवांनीं मोबाइलवर पाहून हें सर्व आत्याबाईंस समजावून दिलें. त्या शांतपणें ऐकून म्हणाल्या, "असेल. पण दुसऱ्याची चेष्टा केली म्हणजे आपला माल दगड होतो, हें तुझ्या यंत्रांत लिहिलें आहे का?" हें वाक्य कोणाच्याच वहींत उतरलें नाहीं, मात्र आमच्या लक्षांत राहिलें, आणि त्याचें कारण पुढें येईल.

परततांना हिंगणघाट. हें गांव कापसासाठीं एके काळीं विलायतेपर्यंत प्रसिद्ध होतें. परंतु आम्ही तेथें एका निराळ्याच कामासाठीं उतरलों. १८०२ सालीं मद्रासेहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा कर्नल विल्यम लॅम्बटन हा म्हातारपणीं हैदराबादेकडून नागपुरकडे जात असतां, १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें वारला व येथेंच त्याला पुरलें. ज्या माणसानें शेंकडों कोस जमीन बोटाच्या पेऱ्याइतक्या अचूकपणें मोजली, त्याची स्वतःची साडेतीन हात जागा शोधतांना आम्हांस अर्धा गांव पालथा घालावा लागला. एकानें आम्हांस सरळ तलाठ्याचें दप्तर दाखविलें. मोजणीचें काम म्हटल्यावर त्याची तरी काय चूक? लॅम्बटनचा हाताखालचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट हा त्याच्या मागून त्या कामावर आला, आणि १८६५ सालीं जगांतील सर्वांत उंच शिखरास नांव मिळालें तें त्या मदतनीसाचें. शिष्याचें नांव हिमालयावर, आणि गुरु हिंगणघाटच्या मातींत! आमच्या बंधूंनीं आयुष्यभर सरकारी कचेरींत चाकरी केली आहे. त्यांना यांत नवल असें कांहींच वाटलें नाहीं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही सिंदी (रेल्वे) येथें तान्हा पोळा पाहावयास गेलों. पुण्याकडील वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल. पोळ्यास शेतकरी आपले बैल सजवितात. तान्हा पोळा हा मुलांचा. नागपुरच्या भोंसल्यांच्या अमलांत हा सुरू झाला असें सांगतात. प्रत्येक मूल आपला लांकडी बैल, म्हणजे नंदी, रंगवून, झूल-माळा घालून, चाकांवर ओढीत आणतें. कांहीं नंदी हातांत मावणारे, तर कांहीं इतके मोठे कीं मालक बैलाच्या गुडघ्याएवढा, आणि ओढावयास बाप, चुलता व दोन मामा लागलेले. नंतर मुलें घरोघर फिरतात आणि बैलाच्या नांवानें 'बोजारा' म्हणून पैसे अगर खाऊ घेतात. आमच्या धाकटीजवळ नंदी नव्हता. एका घरच्या आजोबांनीं आपल्या नातवाचा जुना, एक शिंग मोडलेला नंदी तिला दिला, आणि ती त्या मोडक्या नंदीसह पांच घरें फिरून एकूणसाठ रुपये घेऊन आली. पुण्यास परत आल्यावर आमच्या इमारतींतील बारा बिऱ्हाडांत हा उद्योग करण्याचा तिचा बेत आहे.

आतां शेवटच्या दिवसाची हकीकत. सकाळीं आम्ही सेवाग्रामास गेलों. रस्त्याच्या कडेला प्रथम सुमारें अठरा फूट उंचीचा चरखा दिसतो. त्यावर सूत काढणारा माणूसहि तितकाच उंच लागेल, असें मुलांनीं ठरविलें. पुढें आश्रम. या गांवाचें मूळ नांव शेगांव. गांधीजी १९३६ सालीं येथें राहावयास आले, आणि त्यांचीं पत्रें बुलढाणा जिल्ह्यांतील गजानन महाराजांच्या शेगांवास जाऊं लागलीं; म्हणून १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. आत्याबाई गजानन महाराजांच्या भक्त. त्या म्हणाल्या, "महाराजांनीं वाचून मगच पाठविलीं असतील."

झोंपड्या मातीच्या, कुडाच्या, कौलांच्या. पहिलें घर बांधतांना शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊं नये, असा गांधीजींचा दंडक होता. त्या झोंपडींजवळ एका लहानशा खोक्यांत टेलिफोन आहे. गांधीजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळांत तो आला. साम्राज्याची तार कुडाच्या भिंतीशीं येऊन संपलेली पाहून गंमत वाटते. त्याहून गमतीची वस्तु म्हणजे साप धरावयाचा लांकडी चिमटा व साप ठेवावयाची पेटी. आश्रमांत साप पुष्कळ निघत. त्यांस मारावयाचें नाहीं, चिमट्यानें धरून पेटींत घालावयाचें, आणि दूर रानांत सोडून यावयाचें. मुलांनीं चिमट्याचीं चित्रें काढलीं. आम्हीहि हंसत होतों.

मग आम्ही परचुरे कुटीपाशीं आलों. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना महारोग झाला होता. १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजी व ते दोघेहि कैदी होते. परंतु शास्त्रीबोवांस रोगामुळें निराळें ठेवलेलें, तेव्हां पत्रोपत्रीं बोलणें होई. पुढें सर्व बाजूंनीं थारा तुटल्यावर ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं त्यांच्यासाठीं आपल्या झोंपडीपासून जवळच ही कुटी बांधविली, आणि स्वतःच्या हातांनीं ते त्यांचें अंग चोळीत, जखमा धूत. गांधीजी देशभराच्या राजकारणांत गुंतलेले असतांनाहि हें काम चुकत नसे. १९४५ सालीं वर्ध्याजवळ दत्तपुरच्या कुष्ठधामांत शास्त्रीबोवा वारले.

हें सर्व आम्हीं मुलांस वाचून दाखविलें आणि पुढें निघालों. वळून पाहतों तों आत्याबाई पायरीवर बसलेल्या. ऊन लागलें असेल म्हणून आम्हीं पाणी आणलें. त्यांनीं तें घेतलें नाहीं. म्हणाल्या, "आपल्याकडे एक होते."

कोण, तें आम्हांस कळेना. मग त्यांनीं सांगितलें. त्यांचे सख्खे थोरले काका, म्हणजे आमच्या आजोबांचे वडीलबंधु, वेदशास्त्र शिकलेले होते. चाळिशींत त्यांच्या हातावर चट्टे उठले. घरांतील माणसांनीं त्यांना परसांत, गोठ्यापलीकडल्या खोलींत ठेविलें. बाहेर सांगितलें कीं, ते काशीस गेले. घरांतील कोणी त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडीत नसे. रोज दुपारीं पत्रावळ नेऊन दाराबाहेर ठेवण्याचें काम सात वर्षांच्या आत्याबाईंकडे होतें. मोठ्या माणसांस भीति वाटे, आणि मुलीचें काय होईल याचा विचार कोणीं केला नसावा. काका आंतून विचारीत, "आज काय शिकलीस?" ती म्हणून दाखवी, ते चुकलेलें दुरुस्त करीत. तोंड तिनें पाहिलें नाहीं. दीडएक वर्षानें एके दिवशीं पत्रावळ तशीच राहिली. आम्हीं आमच्या कुळवृत्तांतांत आजोबांचे भाऊ चार असें वाचलेलें आहे. ते पांच होते.

"मी आजवर कोणाला सांगितलें नाहीं," आत्याबाई म्हणाल्या. "सांगावयाचें नाहीं अशी शपथ घातली होती. घालणारे सर्व गेले."

आम्हांपैकीं कोणासच शब्द सुचेना. आज हा रोग औषधांनीं पुरा बरा होतो. १९८१ सालापासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली, आणि या वर्ध्यांतच गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान १९५१ पासून त्यासाठीं खपत आहे. त्या काळीं औषध हातीं नव्हतें, हें खरें. परंतु शास्त्रीबोवांच्या वेळींहि तें नव्हतें. सापालाहि न मारतां धरण्याचा चिमटा जेथें होता, त्या अंगणांत आम्ही सुशिक्षित घराण्यांतील माणसें उभी होतों, आणि आमच्या गोठ्यापलीकडल्या खोलीचें दार कोणाला उघडतां आलें नव्हतें. गिरडच्या टेकडीवरचें आत्याबाईंचें वाक्य आम्हांस तेव्हां आठवलें. दगड होण्याला साधूचा शापच लागतो असें नाहीं.

धाकटीनें विचारलें, "त्यांचें नांव काय होतें?" आत्याबाईंनीं नांव सांगितलें. सत्याहत्तर वर्षांनीं तें नांव आमच्या घरांत उच्चारलें गेलें.

रात्रीं वर्धा स्टेशनाच्या फलाटावर (या वेळीं स्टेशन आम्हीं दोनदां विचारून घेतलें होतें) वह्यांचा निवाडा झाला. थोरल्यानें लॅम्बटन लिहिला होता, मधल्या दोघांनीं टेलिफोन आणि बकासुर. धाकटीच्या शेवटच्या पानावर एवढेंच होतें: "सेवाग्रामला आजारी माणसाची खोली घराच्या पुढें आहे. आपली मागें होती." आत्याबाईंनीं तें दोनदां वाचलें, आणि गोरसपाकाचा डबा तिच्या हातीं दिला. तिनें तो लागलीच फोडून सर्वांस वाटला. पहिला तुकडा आत्याबाईंस.

पुण्यास आल्यावर आम्हीं कुळवृत्तांत काढला. आजोबांच्या पिढीच्या पानावर, चार नांवांच्या वर, समासांत जागा होती. तेथें पांचवें नांव आम्हीं शाईनें लिहिलें आहे. त्याखालीं, वेदशास्त्रसंपन्न, असेंहि लिहिलें. पुढच्या आवृत्तींत तें छापून यावें, असें संपादकांस कळविलें आहे.